स्पॉटिंग स्कोपला जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा जोडतेय, काळं वर्तुळ काही जात नाही

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी सीवूड्सला, चाणक्यच्या (नौवहन प्रशिक्षण संस्था) मागच्या पाणथळीवर, एका गॉडविटच्या (लांब चोचीचा किनारी पक्षी) पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली रंगीत झेंडी दिसली. झेंडीवर अक्षरं आहेत एवढं स्कोपमधून (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) कळत होतं. पण पठ्ठ्या एका पायावर उभा आणि झेंडीचाच पाय पोटात घेतलेला. दर दोन-तीन मिनिटांनी पाय खाली टेकवायचा, मी वाचायला घेते तोवर परत वर. वीस मिनिटं असा खेळ झाल्यावर वहीत लिहिलं, ‘सी किंवा जी, पुढे ५ नाहीतर एस’. अशी नोंद बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पाठवायची म्हणजे पाकिटावर ‘ठाणे किंवा पुणे’ असा पत्ता लिहिण्यासारखं. तेव्हा ठरवलं, आता फोटोच पाहिजे. सुंदर वगैरे नको, घरी येऊन मोठा करून अक्षर वाचता आलं की झालं.

हाताशी काय आहे ते सांगते. स्कोप २०-६० बाय ६०, म्हणजे २० ते ६० पट झूम आणि पुढची काच ६० मिलीमीटर, तिरक्या आयपीसचा (डोळा लावायचं भिंग), दोन वर्षांपूर्वी एका पक्षीमित्राकडून जुना घेतलेला. ट्रायपॉड बऱ्यापैकी जड. आणि कॅमेरा म्हणजे सासऱ्यांचा कॅनन पॉवरशॉट ए ५७० आयएस. २००७ चं मॉडेल, ७.१ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. कपाटात लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवला होता. सेल घातले, झाला चालू. कार्डात नवऱ्याच्या मावसभावाच्या मुंजीचे फोटो निघाले, तासभर तेच बघत बसलो सगळे.

ऑनलाइन एक ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मागवला. म्हणजे एक पट्टी, दोन नट, आयपीसला आवळायचा एक पट्टा. कॅमेरा त्यावर बसतो, पण दोन फोटो झाले की मान टाकतो. नट आवळला तर पट्टीच फिरते. चित्रात भोवती मोठं काळं वर्तुळ, मधे लाडवाएवढा पक्षी. कॅमेरा जरा कलला की वर्तुळाचा अर्धचंद्र. झूम वाढवला तर कधी वर्तुळ जातं, कधी सगळंच काळं. आयपीस ६० वर नेलं की चित्र अंधारतं आणि धूसर होतं.

मोबाईल का नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मोबाईलला मागे तीन कॅमेरे आहेत. झूम केलं की तो आपल्या मनाने एका भिंगावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि स्कोपसमोर भलतंच भिंग येतं. शिवाय नेमका त्याच वेळी आईचा फोन येतो.

तर जाणकारांनी सांगावं. हे होण्यासारखं आहे का, की सासऱ्यांचा कॅमेरा परत शालीत ठेवू?

पाणकावळा

परत शालीत. स्पष्ट बोलतो, राग नसावा. आजच्या काळात २००७ चा कॅमेरा स्कोपला बांधणं म्हणजे बुलेटला बैल जोडणं. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर त्यात भिंग पक्कं करता येतं, उडी मारत नाही. आईच्या फोनसाठी एअरप्लेन मोड. तेही नको असेल तर निकॉन पी ९०० जुना बघा. २००५ नव्हे, २०१५ चं मॉडेल, २००० मिलीमीटरपर्यंत जातो. त्याचा मोठा भाऊ पी १०००, तो तर ३००० मिलीमीटर. एकच वस्तू खांद्याला, स्कोप नको नि अडॅप्टर नको.

खाडीकाठची

प्रो मोडचं बघते, धन्यवाद. पण पी १००० जवळजवळ दीड किलोचा आहे आणि माझ्याकडे स्कोप आधीच आहे. त्यातून नुसतं बघण्यात जी मजा आहे ती मला सोडायची नाही. फोटो हा जोडधंदा.

लेथमास्तर (ठाणे पूर्व)

ताई, कॅमेरा शालीत ठेवू नका. उलट तुमच्या हाती नेमका कामाचा कॅमेरा लागलाय, तो कसा ते पुढे सांगतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला काढली. पक्ष्यांचा नाद निवृत्तीनंतरचा. पहिला प्रयोग पुतण्याच्या निकॉन कूलपिक्स ४५०० वर केला. त्या कॅमेऱ्याचं झूम सगळं आतल्या आत, बाहेर काहीच येत नाही, आणि तोंडाशी २८ मिलीमीटरचे आटे. स्कोपवाल्यांचा तो कॅमेरा फार लाडका होता. या प्रकाराला डिजिस्कोपिंग म्हणतात. मलेशियातले लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमाराला आपला छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या आयपीसला लावून पाहिला आणि तिथून हे जगभर पसरलं असं सांगतात. तेव्हा ना मोबाईलला धड कॅमेरा होता ना कोणाकडे तयार अडॅप्टर. लोक औषधाच्या बाटल्यांची झाकणं, फिल्मच्या डब्या वापरायचे. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण वापरलं होतं. चाललं. फक्त उन्हात मऊ पडायचं.

आता तुमचं काळं वर्तुळ. आधी तो अडॅप्टर काढून बाजूला ठेवा. काम बटर पेपरपासून सुरू होतं.

दिवसा स्कोप खिडकीतून मोकळ्या आभाळाकडे वळवा. सूर्याकडे चुकूनही नको. आयपीस २० वर. आयपीसच्या मागे बटर पेपरचा तुकडा धरून मागेपुढे करा. कागदावर उजेडाचा एक गोल ठिपका दिसेल. जवळ आणला की पसरतो, लांब नेला तरी पसरतो. मधे एका जागी तो सगळ्यात लहान होतो आणि कड रेखीव दिसते. तिथे थांबा. काचेपासून ती जागा किती लांब ते मोजा. अशा झूम आयपीसला साधारण १५ ते २० मिलीमीटर भरतं. ठिपक्याची रुंदीही मोजा. तुमच्या स्कोपला ३ मिलीमीटर यायला हवी, कारण ६० भागिले २०. आयपीस ६० वर नेलंत तर ठिपका १ मिलीमीटरचा होईल. तुमचं चित्र तिथे का अंधारतं याचं उत्तर हेच.

स्कोपमधला सगळा उजेड त्या ठिपक्यातून बाहेर पडतो. आपण डोळा लावतो तेव्हा बुबुळ नकळत त्या जागी नेतो. डोकं जरा हललं की आपल्यालाही काळी सावली दिसते, पण मान आपोआप सावरते. कॅमेऱ्याला मान नाही. (म्हणजे तुमचा टाकतो ती सोडून.) त्याच्या भिंगाचं बुबुळ त्या ठिपक्यावर आणून पक्कं बसवावं लागतं. बाजूला सरकलं की अर्धचंद्र. पुढेमागे झालं की काळी कड चारी बाजूंनी आत.

बुबुळ कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर नसतं, थोडं आत असतं. ३-४ पट झूमच्या लहान कॅमेऱ्यात ते फार खोल नसतं, म्हणून ठिपका तिथवर पोचतो. ३० पट झूमवाल्यात ते इतकं आत असतं की कॅमेरा आयपीसला टेकवला तरी गाठ पडत नाही. म्हणून म्हटलं, तुमचा कॅमेरा कामाचा. पाणकावळेसाहेब, बैल चालतो हो, गाडा त्याच्या मापाचा हवा.

वर्तुळाचं आणखी एक कारण आहे आणि ते दोष नाहीच. झूम आयपीस २० वर असताना त्यातलं दृश्य अरुंद असतं, नळीतून बघितल्यासारखं. साधारण ४० अंश धरा. तुमचा कॅमेरा झूम न करता, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात, ३५ मिलीमीटरच्या हिशेबाने बघतो, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६३ अंश. त्याला नळीच्या कडा दिसणारच. कॅमेऱ्याचं झूम ६०-७० मिलीमीटरच्या हिशेबाला आणलं, म्हणजे ढोबळ २ पट, की चौकट भरते. तिथे थांबा. २० गुणिले ७०, १४०० मिलीमीटरच्या भिंगाइतकं चित्र मिळालं. आणखी हवं म्हणून आयपीस फिरवू नका. उजेडाचा हिशेबही करून देतो. २ पट झूमवर कॅमेऱ्याची खरी फोकल लांबी ११.६ मिलीमीटर. गुणिले २०, भागिले ६०, एफ ३.९ आलं. हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. हेच आयपीस ६० वर नेलंत तर एफ ११.६. नवपट अंधार. त्यात शटर मंदावतं, हादरा तिप्पट दिसतो, आणि त्या काळातल्या लहान कॅमेऱ्यांत आयएसओ ४०० च्या वर रवा पडतो. झूम आयपीसवरचा ६० हा आकडा फोटोसाठी नाही एवढं लक्षात ठेवा.

आता जोडणी. तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक चंदेरी कडं आहे. शेजारचं लहान बटण दाबून फिरवलं की कडं निघतं, खाली खाचा दिसतात. कंपनीने त्या खाचांत बसणारी नळी काढली होती, एलए-डीसी ५२ जी. पुढच्या टोकाला ५२ मिलीमीटरचे फिल्टरचे आटे. अस्सल मिळेलच असं नाही, पण तशाच ॲल्युमिनियमच्या नळ्या ऑनलाइन मिळतात. तीच घ्या, कारण वजन कॅमेऱ्याच्या अंगावर येतं, पुढेमागे होणाऱ्या भिंगाच्या नळकांड्यावर नाही. हे मी शिकलोय ते नुकसान करून. एका मित्राच्या कॅमेऱ्याच्या नळकांड्यावरच रिंग बसवली होती. झूम करताच आत कर्र आवाज झाला, गिअरचे दात गेले. त्याला नवीन कॅमेरा घेऊन दिला.

नळी आली की पुढे एक रिंग करायची. एका बाजूला ५२ चे आटे, पिच पाऊण मिलीमीटर, दुसऱ्या बाजूला तुमच्या आयपीसवर सरकणारा बोअर, म्हणजे आतलं भोक. वागळेला कुठल्याही लेथवाल्याला काळ्या डेल्रिनची (टणक प्लास्टिक) करायला सांगा. नायलॉन स्वस्त पडतं पण पाणी पितं. पावसाळ्यात फुगून आयपीसवर अडकून बसेल. आटे पाडायचा कंटाळा केला तर जुना ५२ चा यूव्ही फिल्टर घ्या, काच काढा, रिकामं कडं रिंगवर एरल्डाइटने चिकटवा. आत बोअरला जो खांदा ठेवाल त्यावर अंतर ठरतं. खांदा २ मिलीमीटर जाड ठेवायला सांगा. मग घरी लावून बघा आणि थोडं थोडं फेसिंग करून (लेथवर तोंड छिलून) कमी करून आणा. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

बोअर असा की कॅमेरा लावून रिंग सरकवली की हवा निघाल्याचा फुस्स आवाज यावा. तो फिट. आणि रिंग आयपीसच्या झूम फिरवायच्या कड्यावर येऊ देऊ नका, त्याच्या मागे स्थिर भागावर बसवा.

सुकटबोंबील (करावे)

मास्तरांनी लोखंडाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. मी काय फोटोवाला नाही, पण चाणक्यच्या मागे आमच्या आज्यापासून आमचा वावर.

ताई, तुम्ही रविवार बघून जाता, तिथं चुकतं. तिथी बघून जा. भरतीला खाडीतला चिखल बुडला की हे सगळे लांब चोचीवाले उठतात आणि आत पाणथळीत येऊन दाटीवाटीनं उभे राहतात. ओहोटीला गेलात तर पक्षी खाडीत अर्धा किलोमीटर लांब. मग कितीही भारी दुर्बीण आणा.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडं तिथीला पाऊणनं गुणतात. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलं. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. खाडीत जसं आत जाल तसं थोडं उशिरा. ऐरोलीला आमच्यापेक्षा नंतर भरतं.

पण गंमत अशी की मोठं उधाण पुनव-अवसेला आणि तेव्हा पाणी भरतं भर दुपारी. पक्षी जवळ येतात पण चिखलावरनं वाफा निघाल्यासारखी हवा लवलवते, तुमचा फोटो पाण्यात बुडवून काढल्यासारखा येणार. सकाळची भरती असते तेव्हा भांग असतो, पाणी चढतंच कमी, अर्धे पक्षी खाडीतच राहतात. म्हणून मधलं धरा. द्वादशी-त्रयोदशी. नऊ-पावणेदहाला भरती. साडेसातला जाऊन बसायचं, हलायचं नाही. पाणी वर वर येतं तसे पक्षी तुमच्याकडं ढकलले जातात. तुम्ही त्यांच्याकडं जायचं नाही.

पाणकावळा

हे तिथीचं पहिल्यांदाच ऐकलं. भारी. माझ्या ॲपमधली भरती आणि तुमची पाऊणकी आज ताडून बघितली, वीस मिनिटांचा फरक आला.

सुकटबोंबील (करावे)

ॲप पण आमच्याच चंद्रावर चालतंय.

येऊरचा वाटाड्या

अवांतर प्रश्न. फ्लेमिंगोचे फोटो ऐरोलीच्या बोटीतून स्कोप लावून घेता येतील का? मार्चमध्ये पाहुणे येणार आहेत.

लेथमास्तर (ठाणे पूर्व)

बोटीत स्कोप नेऊ नका. इंजिनाचा हादरा २० पट होऊन दिसतो. बोटीत दुर्बीण आणि साधा कॅमेरा. फ्लेमिंगो तिथे इतके जवळ असतात की स्कोपची गरजही नाही.

ताई, मीही एक हिशेब करून पाहिला, तुमच्या झेंडीचा. १४०० च्या चौकटीत ८० मीटरवरच्या पक्ष्याचा साधारण ०.६५ मिलीमीटर तुकडा एका पिक्सेलला येतो. अक्षर समजा ५ मिलीमीटर उंच, तर सात-आठ पिक्सेल. सी आणि जी ओळखायला काठावर पास. ४० मीटरवर हेच पंधरा पिक्सेल, मग निवांत वाचता येईल. म्हणजे करावेवाले म्हणतात तेच, पक्षी जवळ येऊ द्या. माझी रिंग कितीही गुळगुळीत असली तरी ती ८० चे ४० मीटर करत नाही.

खाडीकाठची (ऐरोली)

तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय.

बटर पेपर घरात नव्हता, मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला ट्रेसिंग पेपर घेतला. गॅलरीतून आभाळाकडे स्कोप लावला आणि खरंच, कागदावर ठिपका. मागेपुढे करताना मुलगा ओरडला, ‘आई, चंद्र!’ १७ मिलीमीटरवर सगळ्यात लहान. रुंदी पट्टीने मोजली तर ३ च्या आसपास. दोन वर्षं डोळा लावतेय त्या स्कोपला, पण तो उजेड कुठे गोळा होतो हे कधी बघितलंच नव्हतं.

नळी आली. मग वागळेला एका गाळ्यात गेले. लेथवाल्या दादांनी आधी विचारलं, ‘कुठल्या मशीनचा पार्ट आहे?’ म्हटलं, पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि मदतनीसाला म्हणाले, ‘साठचा डेल्रिन काढ.’ मी चहा पिईपर्यंत रिंग तयार. काळे चकचकीत छिलके जिलबीसारखे खाली पडत होते. आटे इतके अलगद बसले की मी दोनदा उघडून परत लावले.

घरी येऊन बघते तर आयपीसवर रिंग खुळखुळते. चूक माझीच. माप देताना आयपीसवरचा रबरी कप तसाच ठेवून मोजलं, ४५. घरी लावताना मात्र कप ओढून काढला, कारण तो ठेवला तर १७ मिलीमीटरचं गणित जमत नव्हतं. खालचा धातू ४३.६. दीड मिलीमीटरची फट. आधी इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपचे वेढे देऊन बघितले. उन्हात अर्ध्या तासात टेपचा गोंद सुटला आणि कॅमेरा परत मान टाकायला लागला. पुन्हा वागळेला. दादा म्हणाले, ‘मॅडम, पुढच्या वेळी पार्टच घेऊन या, माप नको.’ दुसरी रिंग केली, पहिलीचे पैसे घेतले नाहीत. खांदा दोन वेळा अर्धा-अर्धा मिलीमीटर उतरवला.

आता कॅमेरा लावून सरकवली की फुस्स.

मग त्रयोदशीला गेले, एकटीच. साडेसातला जाऊन बसले. आधी शेकाटे आणि दोन-चार चिखले एवढंच. पाणी चढायला लागल्यावर खाडीकडून गॉडविटचा थवा आला, मग आणखी एक, आणि नवाच्या सुमाराला पुढची रांग माझ्यापासून पन्नासेक पावलांवर. सुकटबोंबील दादा, शप्पथ सांगते, मी जागची हलले नव्हते.

काही गोष्टी तिथे बसल्यावर कळल्या, कोणाला उपयोग झाला तर. कॅमेऱ्याचा वरचा डोळा यात निरुपयोगी, त्यातून स्कोपचीच पाठ दिसते. मागचा पडदा उन्हात वाचता येत नाही, म्हणून ओढणी डोक्यावरून कॅमेऱ्यासकट ओढून घेतली, जुन्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरसारखी. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजींनी थांबून ‘बरं वाटतंय ना बाळा?’ विचारलं. फ्लॅश बंद, आयएस (हादरा सावरणारी सोय) बंद. बटण बोटाने दाबलं की चित्र थरथरतं, ते दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवल्यावर थांबलं. पण झेंडीचा पाय खाली येऊन दोन सेकंदांत परत वर गेला तर? म्हणून टायमर सोडला आणि कंटिन्युअसवर ठेवून बटण दाबूनच धरलं. पहिला फोटो हललेला, पुढचे तीन-चार स्थिर. ट्रायपॉडला पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी टांगली होती.

एकूण २१२ फोटो. १९० वाया. गॉडविटची पाठ, गॉडविटची मागची बाजू, फोकस गवतावर. पण अकरा फोटोंत झेंडी आली आणि त्यातल्या चारांत अक्षरं. मागच्या वेळचाच पक्षी असावा असं रंगावरून वाटतंय, पण खात्री नाही, कारण तेव्हा मी वाचलंच नव्हतं. पहिलं अक्षर सी नाही आणि जीही नाही. ते ओ आहे, उजव्या अंगाला चिखल बसलाय. दुसरा ५ नक्की. कोपरे टोकदार आहेत, एस असता तर गोल आले असते. तिसरंही एक अक्षर आहे, जे मला डोळ्याने दिसलंच नव्हतं. ते झेंडीच्या वळणावर गेलंय. दोन फोटोंत अर्धं-अर्धं दिसतं, जोडून वाचलं तर एच.

चारही फोटो, तारीख, जागा आणि ‘तिसऱ्या अक्षराबद्दल थोडी शंका’ असं लिहून बीएनएचएसला पाठवलंय. उत्तराची वाट बघतेय.

सासऱ्यांना फोटो दाखवले. त्यांनी पक्षी बघितला नाही, विचारलं, ‘तारीख बरोबर सेट केली होतीस ना?’ नव्हती केली. फोटोंवर १ जानेवारी २००७. ईमेलमध्ये खरी तारीख हाताने लिहिली होती म्हणून वाचले.

लेथमास्तर (ठाणे पूर्व)

झकास. तारखेचं सांगतो, या कॅमेऱ्यात तारखेसाठी आतला एक लहान सेल असतो, तो इतक्या वर्षांत मेला असणार. मोठे सेल काढले की तारीख जाते. तो बदलून घ्या.

आणि छिलके चकचकीत होते म्हणालात, म्हणजे रिंगही आतून चकचकीत असणार. ऊन तिरकं असेल तेव्हा चित्रावर पांढरट पडदा येईल. आतून बारीक सँडपेपर फिरवा, नाहीतर काळं मखमली कापड चिकटवा. कड्याच्या आत धूळ राहू देऊ नका, समोर काच आहे.

खाडीकाठची (ऐरोली)

मखमल आहे, ब्लाउजपीसचा तुकडा. आज रात्री लावते. पुढची द्वादशी शुक्रवारी येतेय, सुट्टी टाकलीय.

पाणकावळा

त्या लेथवाल्या दादांचा गाळा कुठल्या रोडला? बैल माझ्याकडेही एक पडून आहे, ए ५९०.

खाडीकाठची (ऐरोली)

व्यनि (खासगी निरोप) करते. आयपीस सोबत घेऊन जा, माप नको.